तीसच्या खाली

एप्रिलच्या नऊ तारखेला पुण्याहून जावयाचा फोन आला आणि मनकर्णाबाईंच्या हातातलं भाजी निवडायचं सूप तसंच राहिलं. काजलला आठवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, देवळीला, हे लग्नाच्या वेळीच ठरल्यासारखं होतं. बाळंतविडा कापडात बांधून ठेवलेला होता, डिंक-खारीक आणून झाली होती. आणि आता रोशन म्हणत होता की तिला पाठवावं की नाही, याचाच विचार चाललाय.

रोशन काही आडमुठा माणूस नव्हता. पुण्याच्या कंपनीत नोकरी, बोलणं मवाळ. त्याची भीती खरी होती. मागच्या वर्षी मे महिन्यात तो दोन दिवस देवळीला येऊन गेला होता. दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसायचा, गादी तव्यासारखी तापायची. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं होतं की शेवटच्या महिन्यात उन्हापासून जपा. शेवटी तो म्हणाला, "आई, दुपारी तीन वाजता काजलच्या खोलीतला पारा तीसच्या खाली राहत असेल, तर मी स्वतः तिला आणून सोडतो. पण चोवीस तारखेपर्यंत. त्यानंतर डॉक्टर तिला प्रवास करू देणार नाहीत."

मनकर्णाबाईंनी फोन ठेवला आणि नवऱ्याला सांगितलं. त्यांना वाटलं होतं रूपराव चिडतील. जावई आपल्याला अटी घालतो म्हणजे काय, असं काहीतरी म्हणतील. पण रूपरावांचे डोळे चमकले. एकतीस वर्षं ते देवळीजवळच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. कापूस ओढणारे मोठाले पंखे, पट्टे, मोटारी यांच्यात त्यांचा जन्म गेला. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती आणि या दोन वर्षांत शेजाऱ्यांच्या सायकली आणि घरातले नळ सोडले तर त्यांच्या हाताला काही लागलं नव्हतं. ते दारातच उभे राहून म्हणाले, "तीस म्हंते ना तो? मंग तीसच्या खाली आणून दाखवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ते वर्ध्याला गेले आणि तापमान दाखवणारं घड्याळाएवढं यंत्र घेऊन आले. ते मधल्या खोलीत, काजलची खाट राहणार होती त्या भिंतीवर लावलं. घर म्हणजे एका रांगेत तीन खोल्या. पुढे बैठक, मधे ही खोली, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्या पलीकडे अंगण. मधल्या खोलीच्या खिडकीत पंधरा वर्षांपूर्वीचा कूलर होता, खडखड करणारा. तो लावून दोघं नवरा-बायको तीन वाजेपर्यंत यंत्रापुढे बसून राहिले. पारा छत्तीसवर होता. अजून मे महिना यायचा होता.

पहिला विचार अर्थातच एसीचा झाला. रूपराव दुकानात जाऊन चौकशी करून आले. दुकानदाराने चांगला अर्धा तास समजावून सांगितलं: खोलीचं माप काय, छत कशाचं, ऊन कोणत्या बाजूने येतं. एक गोष्ट त्याने पुन्हा पुन्हा बजावली. खोलीला फट राहता कामा नये, दारं-खिडक्या घट्ट बंद पाहिजेत. रूपरावांनी ते डोक्यात पक्कं बसवलं. मग मागच्या गल्लीतला वायरमन अंकुश मीटर घेऊन आला. त्याने दुपारी तीन वाजता बोर्डात मीटरच्या तारा लावल्या आणि काटा दाखवला. एकशे अडुसष्ट. सगळ्या गल्लीचे कूलर चालू झाले की एवढंच होल्टेज उरत होतं. एसीसाठी वेगळी लाईन ओढावी लागली असती, घरातली जुनी वायरिंग बदलावी लागली असती, आणि हे सगळं चोवीसच्या आत होणं कठीण, असं अंकुश म्हणाला. शिवाय मनकर्णाबाईंना एक वेगळीच चिंता होती. पोरगी महिनाभर एका बंद खोलीत बसणार, आणि पाणी प्यायला उठली की एकदम भट्टीत. त्यापेक्षा सगळं घरच गार झालं तर.

"सगळं घर?" रूपरावांनी विचारलं. पाटी-पेन्सिल मिळाली नाही म्हणून त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकृती काढायला घेतली.

दुकानातले नवे प्लास्टिकचे कूलरही त्यांनी पाहिले. प्रत्येकाच्या पुढे हात धरून उभे राहिले आणि घरी येऊन म्हणाले, एवढी हवा तर मी तोंडाने फुंकून देतो. तिसऱ्या दिवशी ते वर्ध्याच्या एका कबाड्याकडे गेले आणि संध्याकाळी छोटा हत्ती टेम्पो दारात थांबला. त्यातून चौघांनी मिळून एक ब्लोअर, हवा फेकणारा मोठा पंखा, उतरवला. गोगलगाईच्या शंखासारखा, कमरेएवढा उंच, गंजलेला. कोण्या बंद पडलेल्या मिलचा होता. रूपराव त्याच्याभोवती असे फिरत होते की जणू घरात बैलजोडी आली. शेजारच्या शकुंतलाबाई कुंपणावरून पाहत होत्या. त्यांनी विचारलं की हे पीठ दळायला आणलं का. मनकर्णाबाईंना हसू आवरेना.

मग सात दिवस त्या घरात कोणी स्वस्थ बसलं नाही. रूपराव पहाटे पाचला उठून कामाला लागायचे. आधी दोघांनी मिळून स्लॅबवर चुन्याचे दोन हात मारले, पांढरेफेक. नुसत्या तेवढ्याने दुपारचा पारा दोन अंशांनी उतरला, तेव्हा मनकर्णाबाईंनी तो आकडा तीनदा वाचला. मग घराच्या उत्तरेला, कडुनिंबाच्या सावलीतल्या बोळात, लोखंडी अँगलचा सांगाडा उभा राहिला. तीन बाजूंना जाळीत वाळ्याच्या जाड ताट्या, खाली पत्र्याची टाकी, वर पाणी सोडणारा नळ, त्याला टाकीतलं पाणी चढवणारा पंप आणि मधे तो ब्लोअर. मोटार बाजूला, पट्ट्यावर चालणारी. अंकुशने बोर्ड जोडून दिला आणि खात्री केली की एवढी मोटार कमी होल्टेजवरही चालेल. ब्लोअरच्या तोंडापासून पत्र्याचा चौकोनी बोगदा मधल्या खोलीच्या झरोक्यात शिरत होता. आणि रूपरावांनी दुकानदाराचा सल्ला आठवून घरातली एकूण एक फट बुजवली. दारांखाली गोधड्यांच्या पट्ट्या, खिडक्यांच्या फटींत कापूस, स्वयंपाकघराच्या जाळीवर पुठ्ठा. गार हवेचा एक कण बाहेर जाऊ द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

एकोणीस तारखेला दुपारी दोन वाजता बटण दाबलं. ब्लोअर आधी घुमला, मग त्याने सूर पकडला. झरोक्यातून वाळ्याचा वास आला आणि मागोमाग गार झोत. मनकर्णाबाई त्या झोताखाली डोळे मिटून उभ्या राहिल्या. अंकुशने टाळ्या वाजवल्या. पारा चौतीस, तेहतीस, बत्तीस असा उतरत गेला, आणि रूपराव प्रत्येक आकड्याला मोठ्याने सांगत होते.

बत्तीसवर तो थांबला.

अर्ध्या तासाने तो तेहतीस झाला. हवा जड झाली, अंगाला चिकचिक सुटली. स्वयंपाकघरातलं मीठ ओलं झालं, काड्यापेटीची काडी पेटेना. रूपरावांना वाटलं पाणी कमी पडतंय. त्यांनी दुसरा पंप जोडला. मग तर भिंतींना दमट वास यायला लागला. वीस तारखेला पुन्हा तेच, एकवीसला पुन्हा. रूपराव रोज काहीतरी बदलायचे. ताट्या आणखी जाड केल्या, पट्टा आणखी ताणला. रोशनला रोज तीन वाजता फोटो पाठवायचं ठरलं होतं. तो प्रत्येक फोटोला फक्त "पाहिला" एवढंच लिहायचा, आणि मनकर्णाबाईंना तो एक शब्द दिवसभर टोचायचा.

एकवीस तारखेच्या दुपारी रूपराव ब्लोअर तसाच चालू ठेवून बोळातून आत आले, हात न धुता खाटेवर बसले. त्यांनी सांगितलं की उद्या जावयाला कळवून टाकू, पोरीला तिथंच ठेवा म्हणून. आपणच पुण्याला जाऊ. मनकर्णाबाई स्वयंपाकघरात गेल्या. तांदूळ धुतलेलं पाणी अंगणातल्या पालकाच्या वाफ्याला टाकायचं होतं. त्यांनी मागच्या दाराखालची गोधडीची पट्टी पायाने सारली आणि दार उघडलं.

त्यांच्या पाठीवर वारा आदळला.

बाहेरून नाही, आतून. मधल्या खोलीच्या दाराचा पडदा आडवा होऊन त्यांच्या दिशेने ताणला गेला होता, जणू कोणी त्याचं टोक धरून ओढतंय. आणि वारा गार होता. अंगणातलं ऊन समोर भाजत होतं आणि उंबऱ्यावर उभं राहून त्यांच्या मानेवरचा घाम वाळत होता. त्यांनी दार लोटलं. पडदा खाली पडला. पुन्हा उघडलं. पडदा उठला. तिसऱ्यांदा त्यांनी भांडं खाली ठेवलं, दोन्ही हातांनी दार सताड उघडलं आणि हाक मारली.

"आवो, इकडे या. हवेले जायले जागाच नाई, म्हणून ती येऊन नाई राह्यली."

रूपराव दारात येऊन उभे राहिले. पडद्याकडे पाहिलं, उघड्या दाराकडे पाहिलं. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि खाली बसून हसत सुटले. हसता हसता त्यांनी सांगितलं की जिनिंगच्या पाइपातून कापूस वाहतो तो कशाने, तर दुसरं तोंड मोकळं असतं म्हणून. ते तोंड चोंदलं की मिल बंद, हे त्यांनी शंभर पोरांना शिकवलं होतं. आणि स्वतःच्या घराचं तोंड मात्र त्यांनी कापसाने बुजवलं होतं. एसीत तीच ती हवा फिरत राहते, म्हणून घर बंद ठेवायचं. इथे तर दर मिनिटाला नवी हवा आत येत होती. जुनी निघाल्याशिवाय ती मावणार कुठे.

मग दोघं लहान पोरांसारखे घरभर फिरायला लागले. गोधड्यांच्या पट्ट्या ओढून काढल्या, कापूस उपटला, पुठ्ठा फाडला. बैठकीची खिडकी वीतभर उघडली की पाच मिनिटांत बैठक गार व्हायची. ती बंद करून स्वयंपाकघराची जाळी मोकळी केली की वारा तिकडे धावायचा. ज्या खोलीत गारवा हवा, तिथून हवेला वाट द्यायची, एवढंच होतं. रूपराव अगरबत्ती लावून धूर कुठे जातो ते पाहत होते. मनकर्णाबाई उगाच या खोलीतून त्या खोलीत जात होत्या. तेवढ्यात त्यांचं भिंतीकडे लक्ष गेलं. एकोणतीस.

त्यांनी फोटो पाठवला. लगेच रोशनचा फोन आला. यंत्र झोतासमोर तर ठेवलं नाही ना, असं त्याने जरा चाचरत विचारलं. मनकर्णाबाई म्हणाल्या, आता व्हिडिओच पाहा. त्यांनी फोन हातात धरला आणि पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत चालत गेल्या, भिंत दाखवली, खाट दाखवली, झरोका दाखवला. मधेच फोनमध्ये काजलचा चेहरा आला. ती नुसती पडद्याकडे पाहत होती. म्हणाली, "आई, मी बॅग भरून राह्यली."

चोवीस तारखेला सकाळी वर्ध्याच्या स्टेशनवर रोशनने तिला डब्यातून हात धरून उतरवलं. घरी पोचल्यावर त्याने आधी भिंतीवरचा आकडा पाहिला आणि मग सासऱ्यांच्या पाया पडला. रूपरावांनी त्याला लगेच बोळात नेलं आणि तासभर ब्लोअर समजावून सांगितला. दुसऱ्या दिवशी तो परत गेला.

मे महिना उजाडला तसं बाहेरचं ऊन पंचेचाळीस, सेहेचाळीसवर गेलं. घरात काजल पाय पसरून बसायची, भुईमुगाच्या शेंगा सोलायची, आईशी तासन्‌तास बोलायची. मनकर्णाबाईंनी यंत्राचं पाणी स्वतःकडे घेतलं होतं. देवळीचं बोअरचं पाणी खारं. आठच दिवसांत वाळ्यावर पांढरी खपली धरली, वारा कमी झाला आणि टाकीला वास यायला लागला. तेव्हापासून दर तिसऱ्या दिवशी टाकी रिकामी करायची, घासायची, ताट्या उलट्या करून झोडपून धुवायच्या, हे काम त्या करायच्या. मोटारीच्या बाजूला मात्र त्या जात नसत. ते रूपरावांचं.

अठरा तारखेला रूपराव गिरडला भाचीच्या लग्नाला गेले. जावंच लागणार होतं, मामा होते ते. दुपारी एक वाजता काजल नुकतीच जेवून आडवी झाली होती. बोळातून फटकन आवाज आला. मोटार चालू होती पण वारा थांबला. मनकर्णाबाईंनी बाहेर जाऊन पाहिलं तर पट्टा तुटून खाली पडला होता, मेलेल्या सापासारखा. त्यांनी अंकुशला फोन लावला. तो हिंगणीला कामावर होता. रूपरावांना लावला. ते म्हणाले निघतोच, पण पोचायला दोन तास तरी लागतील.

आत पारा एकतीस झाला होता. काजलचा चेहरा लाल होत चालला होता. तिने म्हटलं की चालेल, ओला पंचा घेते. पण मनकर्णाबाईंनी फोन तिच्या हातात दिला आणि पदर खोचला. "बाबाले इचार, नवा पट्टा कुठी ठेवला. मी लावतो."

काजल बोळाच्या तोंडाशी सावलीत खुर्ची घेऊन बसली, फोन मोठ्या आवाजात लावला. गिरडच्या मांडवातल्या सनईच्या आवाजातून रूपराव एकेक गोष्ट सांगत होते. नवा पट्टा आणि पाने खाटेखालच्या पेटीत मिळाले. आधी बटण बंद. मनकर्णाबाईंनी बटण बंद केलं, प्लग काढला, आणि तरी विश्वास बसेना म्हणून आत जाऊन फ्यूजही उपसला. मग मोटारीखालचे चार नट ढिले करायचे. तीन ढिले झाले. चौथा हालेना. त्यांनी पान्याला जोर लावला, हात घसरून बोट सोलवटलं. त्यांनी पाना नटात अडकवला, सांगाड्याला धरून उभ्या राहिल्या आणि पान्यावर पाय दिला. नट करकरला आणि सुटला. काजल तिकडून ओरडली, सुटला म्हणून, आणि फोनमधून रूपराव विचारत राहिले की काय सुटलं.

मोटार पुढे सरकवली. नवा पट्टा आधी छोट्या चाकावर, मग मोठं चाक हाताने फिरवत त्याच्यावर चढवला. नट आवळायच्या आधी अंगठ्याने पट्टा दाबून पाहायचा, बोटभर दबला पाहिजे, जास्त नाही. मनकर्णाबाईंनी दाबला, सोडला, पुन्हा मोटार मागे ओढली, पुन्हा दाबला. घाम डोळ्यांत उतरत होता. मग त्यांनी चारही नट आवळले, फ्यूज बसवला, प्लग लावला आणि काजलला बाजूला व्हायला सांगितलं.

ब्लोअर घुमला. सूर पकडला. काजल आत धावली, म्हणजे त्या अवस्थेत जेवढं धावता येईल तेवढं. आतून तिचा आवाज आला की येऊन राह्यली हवा. मनकर्णाबाईंनी काळ्या हातांनी फोन घेतला आणि नवऱ्याला सांगितलं की सावकाश या, जेवून या. पलीकडे मांडवात कोणाला तरी सांगताना रूपरावांचा आवाज ऐकू आला: माह्या घरी दुसरी फिटर आहे.

तेवीस तारखेला पहाटे काजलला कळा सुरू झाल्या. वर्ध्याच्या दवाखान्यात सकाळी साडेनऊला मुलगी झाली. रोशन संध्याकाळच्या गाडीने पोचला. तीन दिवसांनी बाळ घरी आलं. झोत बाळाच्या अंगावर येऊ नये म्हणून रूपरावांनी झरोक्यापुढे पत्र्याची एक पाटी वाकवून लावली, त्यामुळे हवा आधी छताकडे जायची आणि मग हळू खाली उतरायची. बाळ दुपारभर झोपायचं. शकुंतलाबाई बाळाला पाहायला म्हणून यायच्या आणि पाच वाजेपर्यंत भिंतीला टेकून बसायच्या.

त्याच आठवड्यात टाकी धुवायचा दिवस आला. मनकर्णाबाई ब्रश घेऊन निघाल्या तर रोशन मागे आला आणि म्हणाला की आज मी करतो. त्या संकोचल्या. जावयाच्या हाती टाकीचा ब्रश द्यायचा म्हणजे शेजारीपाजारी काय म्हणतील. पण त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती आणि तो टाकीत उतरलाही होता. त्याने कोपऱ्यातली पांढरी खपली नखाने काढून पाहिली आणि विचारलं की नुसत्या पाण्याने निघते का ही.

"नाई, तशी नाई निघत," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पिळलेल्या लिंबांच्या साली आणल्या. "आधी हे घासा. मंग ताट्या काढू. अन् जोरानं घासजा, लाजू नका."

रोशनने घासायला सुरुवात केली. आतून बाळ जागं झाल्याचा आवाज आला, तशी काजलने त्याला हाक मारली. तो टाकीतूनच ओरडला की एक कोपरा राहिलाय, आलोच.